ट्रेलर घेताना आधी पाणी मोजा

२०२० नंतर अमेरिकेतल्या घरून काम करणाऱ्या मंडळींमध्ये एक खूळ चांगलंच फोफावलं. चार-सहा महिने भाड्याचं घर सोडायचं, गाडीमागे ट्रेलर जोडायचा आणि युटा-अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात राहून तिथूनच ऑफिस करायचं. खूळ म्हटलं तरी मला ते मनापासून आवडतं. पण "कुठला ऑफ-रोड ट्रेलर घेऊ?" असा विषय निघाला की गप्पा लगेच जाड टायर, उंच चासी आणि खडकावर चढलेल्या ट्रेलरच्या फोटोंवर जातात. माझं मत जरा वेगळं आहे. ट्रेलर किती मोठ्या दगडावरून जातो याला फार महत्त्व नाही. तिथे पोचल्यावर तुम्ही किती दिवस राहू शकता, ही खरी परीक्षा.

आता हिशोब मांडतो. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडे. त्यातल्या पुष्कळ भागात फुकट तळ ठोकता येतो. मात्र साधारण नियम असा की २८ दिवसांत एका जागी १४ दिवस, मग हलायचं. तिथे नळ नाही, वीज नाही, गटार नाही. म्हणजे आपलं माप झालं १४ दिवस.

समजा ट्रेलरची पाण्याची टाकी १३० लिटरची आहे. कागदावर भरपूर वाटते. पण आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात! म्हणजे अख्खी टाकी ही शहरातल्या एका माणसाचा एक दिवस. दोघांनी १४ दिवस काढायचे तर माणशी रोज साडेचार लिटरच्या आसपास येतात. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी आणि (जमलंच तर) आंघोळ. जमत नाही. म्हणून आठवड्याला एकदा कॅन घेऊन गावात जावंच लागतं. इथे ट्रेलरचा मोठा फायदा असा की घर जागेवर ठेवून नुसती गाडी नेता येते.

जितकं पाणी आत, जवळपास तितकंच सांडपाणी बाहेर, आणि तेही टाकीत साठवायचं. कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची असते, दोघांना तीन-चार दिवस पुरते. लघवी वेगळी ठेवणारं कोरडं टॉयलेट पाणी वाचवतं आणि जास्त दिवस चालतं. विषय नाजूक आहे, पण बेडच्या गादीआधी यावर निर्णय घ्या.

दुसरा हिशोब वजनाचा. समजा रिकामा ट्रेलर १,४५० किलो आणि कमाल परवानगी १,८०० किलो. हातात उरले ३५०. पाणी १३०, भरलेले दोन गॅस सिलिंडर ३४, बॅटऱ्या आणि सोलर पॅनेल ५०, किराणा-भांडी ६०, कपडे-अंथरूण ४०, हत्यारं-जॅक-जादा चाक ५०. बेरीज ३६४. सायकली अजून घेतल्याच नाहीत! हा नुसता कागदी घोळ नाही. जास्त वजनाने टायर फुटतात. वजन मागच्या बाजूला गेलं तर हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकवर हवा. सामान भरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर एकदा जाऊन याच.

विजेचंही तेच. फ्रिज दिवसाला ५०० वॉट-तास, स्टारलिंक ६० वॉटने नऊ तास म्हणजे ५४०, दोन लॅपटॉप मिळून ५६०, दिवे-पंप-पंखा २००. झाले १,८००. शंभर अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्यांत मिळून २,५६० बसतात. ४०० वॉटचं सोलर चांगल्या उन्हात जेमतेम तेवढं भरून देतं, म्हणजे एक ढगाळ दिवस निघतो, दुसरा नाही. छतावरचा एसी तेराशे-चौदाशे वॉट खातो, त्यामुळे बॅटरीवर एसी विसरा, उन्हाळ्यात उंचावर जा. आणि हिवाळ्यात वाळवंटातली रात्र शून्याखाली जाते. गोठलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते, म्हणून ती ट्रेलरच्या आतच बसवा.

आणि हो, कुकर न्या. फ्लॅगस्टाफसारख्या २,१०० मीटर उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो.

मग ऑफ-रोडपणाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण ट्रेलरचा खरा शत्रू पत्र्याच्या नालीसारखा खडखडीत कच्चा रस्ता. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅककडे जाणारा असा सुमारे ४३ किलोमीटरचा रस्ता आहे. त्या थरथरीने स्क्रू निघतात, कपाटं सुटतात, सांधे उघडतात, मग पाणी शिरून लाकडी सांगाडा कुजतो. म्हणून दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, कमीत कमी सांध्यांची फायबरग्लासची बॉडी, आणि गाडीलाही बसतील असेच टायर, इतक्याला जादा पैसे जरूर द्या. दिखाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांना आणि स्टिकरला नको.

"जास्त दिवस राहायचंय तर मोठाच घ्या" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी असल्या की मध्ये दार हवंसं वाटतं, मुलं असतील तर हवंच. पण मग सरळ मान्य करा की आपण चांगल्या रस्त्यावर, नळ-वीज असलेल्या जागी राहणार, आणि ऑफ-रोडचे पैसे वाचवा. दोघंच असाल तर लहान ट्रेलर आणि बाहेर एक तंबू पुरतो.

तर क्रम असा: गाडी किती ओढते, वजनाला किती वाव उरतो, पाणी किती दिवस, वीज किती, आणि मग रंग-गादी-किचन. घेण्याआधी तसाच ट्रेलर दोन आठवडे भाड्याने घ्या आणि नळ-वीज न जोडता राहून बघा. कितव्या दिवशी कुठली गोष्ट आधी संपली ते लिहून ठेवा. ट्रेलर निवडायला त्या कागदाइतका उपयोगी दुसरा ब्रोशर नाही :-)