वंदनेची मेणबत्ती विझवायची की नाही?



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायका चपला शोधू लागल्या. मी सवयीप्रमाणे मूर्तीपुढच्या मेणबत्त्या स्टीलची वाटी पालथी घालून एकेक विझवू लागले. तोच एका आजींनी माझा हात धरला. "विझाडू नको व माय, अपशकून व्हस." आजींचे वय ऐंशीच्या घरात, त्यांच्याशी वाद काय घालायचा? पण शेजारी उभ्या असलेल्या चार शिकलेल्या सुनांनीही माना डोलावल्या, तेव्हा ठरवले की या वेळचे सदर याच विषयावर लिहायचे.

दिव्याला फुंकर मारू नये, 'विझला' म्हणू नये, देवापुढचा दिवा आपणहून शांत होऊ द्यावा, ही समजूत आपण ज्या घरातून बाहेर पडलो त्याच घरातली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. देव सुटले, श्राद्ध सुटले, पण शकुन-अपशकुन मात्र पदराला चिकटून आले आणि समईवरून उतरून मेणबत्तीवर बसले. वंदनेत आपण फूल वाहतो ते कोमेजते, मेणबत्ती लावतो ती झिजते. सगळे अनित्य आहे, हे डोळ्यांपुढे यावे म्हणून ते असते. मेणबत्ती अर्धी जळून विझवली म्हणून वंदना अर्धी होत नाही. नवस बोललाच नाही, तर तो मोडणार कसा?

हे मी शहाणपण मिरवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक माझ्याच घरात झाली आहे. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा डिसेंबरची सकाळ होती. घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि आम्ही सगळे पुतळ्याकडे अभिवादनाला गेलो. निघताना मुलगी म्हणाली, "आई, विझवू का?" मीच म्हणाले, "राहू दे, आजच्या दिवशी नको." खिडकी उघडी होती. मेणबत्ती फळीवरच्या रेक्झिनवर मेण सांडून चिकटवलेली, आणि फोटोला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार. शेजारच्या भाऊंना धूर दिसला म्हणून त्यांनी कडी तोडली, नाहीतर घर गेले असते.

फोटोची चौकट जळाली, ती नवी आणता आली. पण फळीखाली कागदपत्रांची फाईल होती. तीत आमच्या आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्या गावच्या शाळेत आपल्या वस्तीतून बसलेले पहिले मूल म्हणजे ते. मुलगी तेव्हा बारावीला होती. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आमच्याकडे तेवढा एकच कागद होता. पुढचे पाच महिने शाळा, वाळवी लागलेले जुने रजिस्टर, अर्ज, पुन्हा अर्ज. दुसरी प्रत मिळाली, पण मुलीचा प्रवेश जाता जाता राहिला. मी स्वतः कारकून, दिवसभर लोकांच्या फायली सांभाळते, आणि घरची फाईल मेणबत्तीखाली ठेवली!

तेव्हापासूनची आमच्या घरची रीत सांगते. मेणबत्ती थेट फळीवर लावायची नाही. जुन्या ताटलीत मूठभर वाळू घालून तीत रोवायची. हार, पडदा, कॅलेंडर हातभर लांब. डोक्यावरचा पंखा बंद. आणि खोलीतला शेवटचा माणूस बाहेर पडताना वाटी पालथी घालतो, मग दिवस कोणताही असो. फुंकरीनेही विझते, पण मेण उडते आणि धूर होतो. वाटी बरी.

आता सुगंधी मेणबत्त्यांविषयी. सुरतेहून येणारे पाहुणे हल्ली मिठाईऐवजी काचेच्या भांड्यातली सुगंधी मेणबत्ती आणतात, आणि ती कशी वापरावी हे बायका मला विचारतात. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचे मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत जळू द्या. घाई करून विझवली तर मध्येच विहीर पडते, आणि मग दर वेळी तेवढीच जळते, कडेचे मेण फुकट जाते. दर वेळी लावण्यापूर्वी मेण गार असताना वात पाव इंच ठेवून कापा, नेलकटरने छान कापली जाते. लांब वातीची ज्योत नाचते आणि काच काळी होते. चार तासांपेक्षा जास्त एका वेळी जाळू नका. तळाशी अर्धा इंच मेण उरले की मोह सोडा, काच तडकते.

आमच्या नंदुरबारात मिरचीच्या हंगामात पथारींवरून वारा आला की घरात ठसका लागतो. त्यावर उपाय म्हणून कुणी ही मेणबत्ती लावत असेल तर लावू नये. वासाने ठसका जात नाही, त्यात एक धूर वाढतो. घरात दमेकरी किंवा तान्हे बाळ असेल तर मुळीच नको. आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या घरात मेणबत्त्या वाकतात, म्हणून त्या डब्यात घालून माठाच्या तिवईखाली ठेवाव्यात.

भांड्यातले मेण पेटले तर पाणी ओतू नका, पेटते मेण चारी दिशांना उडते. झाकण ठेवा. अंगावर मेण सांडले तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा, चिकटलेले ओढू नका, टूथपेस्ट लावू नका, आणि फोड आला तर दवाखाना गाठा.

ज्योतीत गूढ काही नाही. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकला आणि मोठा शास्त्रज्ञ झाला. १८६० च्या नाताळात लंडनमध्ये त्याने मुलांना एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते, हे त्याने मुलांसमोर करून दाखवले. घरी मुलांना दाखवायचे तर मेणबत्ती विझवा आणि वर उठणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. माझ्या धाकट्याला हे इतके आवडले की एका संध्याकाळी अख्खी काडेपेटी संपवली.

आणि ही मेणबत्ती बनवते कोण? आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यात चिपलीपाडा येथे वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला एप्रिल २०२३ मध्ये आग लागली. चार कामगार स्त्रिया जळून गेल्या. केकवर ठिणग्या उडवणारी मेणबत्ती मी तेव्हापासून घरात आणलेली नाही.

विहारात आता परातीत वाळू भरून ठेवली आहे आणि बाजूला एक वाटी. आजींचा होकार अजून मिळालेला नाही. पण गेल्या रविवारी मी वाटी घालत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही.