शिवेवरची माणसे

पोळ्याचा बैल घरचाच असतो. रोज संध्याकाळी तो कुणी न सांगता आपल्या गोठ्यात येतो. पण त्या एका दिवशी झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून त्याला गावच्या आखरावर तोरणाखाली ताटकळत उभे राहावे लागते. झडत्यांची चढाओढ होते, मानकरी तोरण तोडतो, आणि मग आमच्या कळमेश्वराकडची माणसे म्हणतात, ‘पोळा फुटला!’ तोवर बैल ना शेतातला, ना गोठ्यातला. दुसऱ्या दिवशी मारबत निघते. नागपूरची पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. खेड्यांतून मात्र तिचा बोभाटा नसतो. गावातली रोगराई, इडापिडा तिच्या गळ्यात बांधायची आणि तिला शिवेवर नेऊन जाळायची, एवढेच.

शिवेवरच का? कारण शीव ना आपली, ना शेजारच्या गावाची. जे घरात नको आणि दुसऱ्याच्या दारात टाकवत नाही, त्याला हीच जागा.

अशा अधल्यामधल्या जागांचा आपल्या लोकांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. उंबरठ्यावर बसू नये, उंबरठ्यावरून देवघेव करू नये, तिन्हीसांजेला झोपू नये, असे आजी सांगते. कारण विचारले तर ‘नसते’ एवढेच म्हणते. हिरण्यकशिपूची गोष्ट या बाबतीत आजीहून बोलकी आहे. घरात नाही नि बाहेर नाही, दिवसा नाही नि रात्री नाही, माणसाकडून नाही नि पशूकडून नाही, असे मरणाचे सगळे दरवाजे त्याने बंद करून घेतले. फटी तेवढ्या राहिल्या. नरसिंह त्या फटीतूनच आला: उंबरठ्यावर, संध्याकाळी, अर्धा माणूस नि अर्धा सिंह होऊन.

१९०९ साली आर्नोल्ड व्हान गेनेप नावाच्या पंडिताने फ्रेंच भाषेत एक पुस्तक लिहिले. माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा जगभर जे विधी होतात, त्यांचे त्याने तीन टप्पे पाडले: जुन्यातून सुटणे, मध्ये असणे आणि नव्यात सामील होणे. आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. मूल जन्मले की बारशापर्यंत ते नुसते ‘बाळ’. माणूस गेला की घरच्यांना सुतक. तेराव्याला गोडाधोडाचे जेवण झाले की ते पुन्हा चारचौघांत आले. आणि लग्नातला अंतरपाट आठवा. अलीकडे मुलगी, पलीकडे मुलगा, मध्ये वीतभर अंतरावर एक साधे पांढरे कापड. मंगलाष्टके चालली आहेत तोवर ती दोघे ना कुमार, ना जोडपे. भटजींचा सूर लांबला तर मांडवातले भुकेले पाहुणे चुळबुळ करतात. पण कापड खाली आल्याखेरीज पुढचे पान हलत नाही.

वाचकहो, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक मधल्या अवस्थेला शेवट ठरलेला आहे. बारसे बाराव्या दिवशी, सुतकाचे दिवस मोजलेले, तोरण संध्याकाळी तुटणारच. मधली जागा अवघड खरी. पण ती मुक्कामाची नव्हे, ओलांडण्याची.

साठीच्या दशकात व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने एक पाऊल पुढे टाकले. मधल्या अवस्थेत लहानथोर भेद गळून पडतात, सगळे सारखे होतात, असे त्याने मांडले आणि पुढे यात्रांचाही याच अंगाने विचार केला. ऐकायला हे फार गोड आहे. आमच्या कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. तिथे नदीही चंद्रभागाच. गर्दीत कोण कुणाच्या पाया पडतो याचा हिशेब राहत नाही, तेव्हा टर्नरसाहेबांचे म्हणणे पटायला लागते.

पण इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर पंढरीची वाट चालल्या होत्या. त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. एकाच दिंडीत ब्राह्मणांचा गट निराळा आणि मराठ्यांचा निराळा. भजन एकत्र, जेवण वेगळे. बाईंना हे लागले. म्हणजे वाटेवरसुद्धा भेद सगळेच गळत नाहीत. काही जण ते शिदोरीसारखे बांधून बरोबर नेतात.

आणि मग चोखोबा आठवतात. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, देवळाबाहेर. देव समोर, दार उघडे, आणि भक्त पायरीपाशी. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्यांना ते दार मोकळे झाले. सहाशे वर्षे! एवढे लांब सुतक कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न आणखी रोखठोक विचारला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार उघडत नाही असे दिसल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. प्रत्यक्ष दीक्षा नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे आणि वर एक दिवस. या काळात त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, जुन्यातून मनाने सुटले आणि नव्याची पारख केली. मधली अवस्था कशी वापरावी याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. दिवस कोणता निवडला? विजयादशमी. अशोकाच्या आठवणीचा तो दिवस. आणि आपल्या पंचांगात तो सीमोल्लंघनाचा. इतर लोक शिवेपर्यंत जाऊन सोने घेऊन परत येत होते. त्या दिवशी लाखो माणसे शीव ओलांडून गेली ती गेलीच.

बायकांच्या वाट्यालाही असा मुक्काम आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर जब्बार पटेलांनी १९८२ साली चित्रपट काढला, त्याचे नाव ‘उंबरठा’. नायिका घराबाहेर काम करायला जाते. तिथे निभत नाही, आणि परत आली तर घरात तिची जागा उरलेली नसते. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा: ज्याला पलीकडे जाऊ देत नाहीत आणि अलीकडे घेत नाहीत, त्याचा उंबरठा म्हणजेच बेघरपण. विधवेचेही तेच. नवऱ्याचे सुतक तेराव्याला सगळ्यांचे फिटे, तिचे जन्मभर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. एका गावाने ओढून काढलेला तो अंतरपाटच म्हणायचा.

तेव्हा चालीरीतींचे तोलमाप करायला माझ्याकडे एकच साधे माप आहे. ही चाल माणसाला मध्ये थांबवते, ठीक. पण किती दिवस? आणि तोरण तोडायला कुणाला नेमले आहे? उत्तर असेल तर ती चाल जपावी. नसेल, तर तो विधी नव्हे, नुसती अडवणूक आहे.

दिवाळीत आपण उंबरठ्यापाशी पणती ठेवतो. आतल्याला बाहेर जाताना नि बाहेरच्याला आत येताना ठेच लागू नये, एवढा उपयोग तिचा झाला तरी तेल फुकट गेले नाही.