वाटी रिकामी जाऊ नये

राजुरी आणि राहुरी या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे. राजुरी आपल्या जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याकडून बेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर. राहुरी शेजारच्या नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला गावाचे नाव सांगितले की तो हमखास विचारतो, "म्हणजे कृषी विद्यापीठाची राहुरी ना?" या चुकीचा मला राग येत नाही. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांच्या घरी राहुरीचे नाव वेगळ्याच कारणाने निघते. १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा तेथे झाला.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहावयास आल्या खऱ्या, परंतु सोवळेओवळे सांभाळूनच. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, त्यांच्या मनातील खरी क्रांती बाप्तिस्म्याच्या आधीच झाली होती. जात देवाने केलेली नाही असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. मला येथे एका गोष्टीचे नवल वाटते. त्यांनी कोणाला काही दिले म्हणून हा बदल झाला नाही. त्यांनी दुसऱ्याच्या हातून घेतले, म्हणून झाला. दान करताना आपला हात वर असतो, घेताना तो खाली येतो, आणि सुशिक्षित माणसाला हात खाली नेणे फार जड जाते.

हे सारे आठवण्याचे कारण आगमनकाळ. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ, इंग्रजीत ज्याला अॅडव्हेंट म्हणतात. पुष्कळ देवळांत दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. याच दिवसांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट वाचतात. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? तो कोणालाही अरण्यात येऊन बसण्यास सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये, शिपायाने लोकांना नाडू नये. म्हणजे ज्याने त्याने आपल्याच ओट्यावर, आपल्याच कचेरीत सरळ वागावे. किती साधे आणि किती अवघड!

आम्ही मात्र चार आठवडे घराला रंग देण्यात, करंज्या तळण्यात आणि गायनाच्या तालमीत घालवतो व सारे औदार्य पंचवीस तारखेसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी रांग लागते, ब्लँकेटे वाटली जातात, छायाचित्र निघते. थंडीच्या दिवसांत ब्लँकेट ही चांगलीच वस्तू आहे, तिची थट्टा मी करणार नाही. परंतु ज्याच्या अंगावर ते पडते त्याचे नाव वाटणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते?

यात आणखी एक अडचण आहे आणि ती आपण मोकळेपणाने बोलत नाही. ख्रिस्ती माणसाने हात पुढे केला की, त्या हातात आमिष आहे काय, असा संशय येतो. हा संशय आजचा नाही. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले व पुढल्या वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतील या भीतीने गदारोळ उठला, अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुलींना केडगावला आणून जगविले. तेथे त्या मुली नुसत्या जेवत बसल्या नाहीत. विणकाम, शेती, छापखाना अशी कामे शिकल्या. बाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. घेणारी बाई देणारीही झाली. तरीसुद्धा संशय पुरता गेला असे कोण म्हणेल? आजही जुन्नर-आंबेगावच्या बाजूला विखुरलेल्या ख्रिस्ती घरांना शेजाऱ्याला मदत करताना दोनदा विचार करावा लागतो, आणि शेजाऱ्यालाही ती घेताना.

या पेचातून वाट कोणती, हे मला एका पेंढीने शिकविले.

आगमनकाळाचे दिवस म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीचे दिवस. विघ्नहर आणि भीमाशंकर, दोन्ही कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. बीडकडून, पाथर्डीकडून आलेल्या माणसांच्या कोप्या फडाच्या कडेला पडतात. त्याच उसात बिबट्या राहतो हे जुन्नरच्या पोराला सांगावयास नको. आम्ही रात्री दाराला कडी घालतो. कोपीला दारच नसते. एका डिसेंबरात कोपीतली एक बाई आमच्या नळावर हंडा भरावयास येई. बरोबरचे पोर कुडकुडत असे, म्हणून आईने त्याला माझ्या धाकट्या भावाचा जुना स्वेटर दिला. दुसऱ्या दिवशी बाई वाढ्यांची पेंढी डोक्यावर घेऊन दारात उभी. वाढे विकून त्यांना चार पैसे मिळतात, हे आईला ठाऊक होते. ती म्हणाली, "नको गं बाई, तुझ्या बैलांना घाल." बाईचा चेहरा पडला. "मावशी, मग सुटरबी घ्या माघारी."

आई क्षणभर गप्प राहिली. मग तिने पेंढी उतरून घेतली आणि बाईच्या देखतच म्हशीपुढे टाकली. त्यानंतर बाई ओट्यावर टेकू लागली. मोबाईल चार्जिंगला लावून जाई, गावाकडच्या सासूची कागाळी सांगे. हंगाम संपेपर्यंत आमच्या घरून कालवणाची वाटी जाई आणि ती कधी रिकामी आली नाही. कधी चार बोरे, कधी बाजरीची अर्धी भाकरी, एकदा नुसतीच हिरवी मिरची. त्या वाटीत आमिष शोधावयास कोणाला जागाच राहिली नाही. आमच्यापैकी अनेकांच्या पणजोबांच्या वाटीला गावात कोणी शिवत नसे. तेव्हा भरून परत आलेल्या वाटीचे मोल आम्हाला तरी कोणी समजावून सांगावयास नको होते. पण सांगावे लागले, आणि तेही फडावरच्या बाईला.

कोणी म्हणेल, वाटीने तिची उचल फिटते काय? मुकादमाचा हिशेब बदलतो काय? नाही. तो प्रश्न मजुरीचा व कायद्याचा आहे, त्याला संघटना लागते, आणि ब्लँकेटने किंवा वाटीने तो झाकू नये असेच माझे मत आहे. परंतु मजुरी वाढेपर्यंत तिला पाणी कोठून भरू द्यावयाचे, हा प्रश्न आजच्या संध्याकाळचा आहे आणि तो आपल्या नळाचा आहे.

म्हणून आमच्या तरुण मंडळींना माझी एक सूचना आहे. गायनाची फेरी दरवर्षी ख्रिस्ती घरांपुढेच थांबते, चहा घेते आणि देणगीची पावती फाडून पुढे जाते. यंदा पहिल्या रविवारपासूनच फडाकडे जावे. पेटी-ढोलकी नको, पत्रके नकोत, कॅमेरा तर नकोच. दोघातिघांनी जावे, मुलांची नावे विचारावीत, आणि कोपीपुढे चुलीवर भाकरी भाजली जात असेल व बाईने "खाता का?" म्हटले तर आढेवेढे न घेता खाली बसावे. नाहीतरी नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यावर घालावयाचे पाचट आम्ही त्याच फडातून मागून आणतो.