चित्राबरोबर नोंदही हवी

हिमालयातल्या दूरच्या खोऱ्यात पायी जाणारा प्रवासी आज मोबाईलने वाटेची चित्रे टिपतो आणि ती आपल्यापर्यंत पोहोचवतो. आपण घरी बसून त्याचा प्रवास पाहतो. 'यात काय अर्थ? हिमालय प्रत्यक्षच पाहावा!' असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. सर्वांनाच तेथे जाता येत नाही. कोणाला पैसा आड येतो, कोणाला वय, तर कोणाला प्रकृती. त्यांना घरबसल्या हिमालय दिसत असेल तर ते चांगलेच आहे. माझी तक्रार निराळी आहे. या चित्रांत शोभा भरपूर असते, माहिती मात्र फार थोडी!

उत्तराखंडातील जोहार खोऱ्याचे उदाहरण घ्या. मुनस्यारीहून गोरीगंगेच्या काठाने वर गेले की सुमारे 3,400 मीटर उंचीवर मिलम हे गाव लागते. याच गावचे पंडित नैनसिंग रावत 1865-66 साली सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर ल्हासाला जाऊन आले. ब्रिटिश सर्वेक्षकांना तेव्हा तिबेटात प्रवेश नव्हता. नैनसिंगांजवळ कॅमेरा नव्हता. होती एक जपमाळ. तिच्यात 108 ऐवजी 100 मणी होते. दर शंभर पावलांना ते एक मणी ओढीत. माळ पुरी झाली की 10,000 पावले, म्हणजे सुमारे 5 मैल! टिपणे ते प्रार्थनाचक्रात लपवून ठेवीत. ठिकाणाची उंची काढण्यासाठी ते पाणी उकळून त्याचे तापमान पाहत. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळते. ढोबळ मानाने दर 300 मीटर चढले की उत्कलनबिंदू 1 अंश सेल्सिअसने उतरतो. मिलमला पाणी 89 अंशांच्या आसपास उकळते. नैनसिंगांनी आणलेल्या अशा आकड्यांवरून नकाशे सुधारले. तो प्रवास घरी बसलेल्यांच्याही उपयोगी पडला.

मिलमच्या वर त्याच नावाची हिमनदी आहे. 1906 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी तिचे टोक कोठे आहे याची नोंद केली. आज ते टोक तेथून एक किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. हे आपण खात्रीने कशाच्या जोरावर सांगतो? त्या जुन्या नोंदीच्या! हिमनदीचे नुसते सुंदर चित्र, ज्यावर ना तारीख ना जागा, आपल्याला हे सांगू शकले नसते.

आता तर साधने किती सोपी झाली आहेत! मोबाईल उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ठरवतो. त्यासाठी फोनचे जाळे लागत नाही. चित्र काढल्याची तारीख, वेळ आणि सोय चालू असल्यास जागाही तो चित्राबरोबरच साठवतो. पण चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ही माहिती पुष्कळदा गळून पडते. शिवाय रंग भडक करण्याचा मोह असतोच. दगडमातीने झाकलेले करडे बर्फ चित्रात निळेशार झाले, तर पाहणाऱ्याची फसवणूकच होते.

म्हणून माझे मत असे, की प्रवास दाखवणाऱ्याने चित्राखाली चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत : जागा व उंची, तारीख व वेळ, हवेचे तापमान, आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो. खडकाजवळ एखादी काठी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. यात दोन मिनिटे जातात. पण पन्नास वर्षांनी दुसरा कोणी त्याच जागी उभा राहून तुलना करू शकेल.

आणि पाहणाऱ्यांचे काय? तुम्हीही नुसते 'वा!' म्हणून थांबू नका. हे कोठले? केव्हाचे? किती उंचीवरचे? असे विचारा. पाहणारे विचारू लागले, की दाखवणारे आपोआप लिहू लागतील. त्याची सवय आजच लावून घ्या. तुमच्या गावच्या ओढ्याचे चित्र दरवर्षी त्याच तारखेला, त्याच दगडावर उभे राहून काढा व वहीत टिपण ठेवा. उद्या हिमालयात जाल तेव्हा ही वही बरोबर घ्यायला विसरू नका.