रस्ता रुंद, बाटल्या आठच

बहरीनचं मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ५० किलोमीटर. त्यामुळे इथल्या साहेबलोकांना अंतर नावाची गोष्ट ठाऊकच नाही. मनामापासून गाडीने अर्ध्या तासावरचं दुसरं डेटा सेंटर म्हणजे 'इथेच तर आहे'. मग तिथली डेटाची प्रत मागे पडायला लागली की सगळ्यांकडे एकच उत्तर तयार असतं: लिंक अपुरी पडतेय, मोठी घ्या.

मंडळी, माझं भांडण या उत्तराशी आहे.

मी इथे स्टोरेज नेटवर्कची कामं करतो. म्हणजे सर्व्हर आणि डिस्कची कपाटं जोडणारे फायबर चॅनेल स्विच. एका बँकेत (नाव कशाला घ्या) ८ गिगची लिंक, फायबर ३० किलोमीटर, आणि पगाराच्या दिवशी प्रत ४० मिनिटं मागे. मुख्य सेंटर त्याच वेळी बंद पडलं तर ४० मिनिटांच्या नोंदी पलीकडे पोचलेल्याच नाहीत. त्यात गावी पैसे पाठवणारे ड्रायव्हर आले, गवंडी आले. बरं, आलेखात लिंकचा वापर किती? ६-७ टक्के! आणि ठराव काय, तर १६ गिग घ्या. अहो, एसटी रिकामी धावतेय आणि तुम्ही आणखी मोठी एसटी मागवताय!

फायबर चॅनेलचा साधा नियम आहे. पलीकडे ठेवायला जागा असल्याशिवाय फ्रेम पाठवायची नाही. ही जागा मोजतात बफर क्रेडिटमध्ये. पूर्वी मुंबईत आरेच्या केंद्रावर रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची, आठवतंय? तसंच. समजा केंद्राकडे एकूण आठच बाटल्या. आठही भरून पाठवल्या की पहिली रिकामी परत येईपर्यंत केंद्रवाला हात बांधून उभा. दूध आहे, रस्ता मोकळा आहे, बाटली नाही. आता रस्ता रुंद करून काय होणार?

हिशोब करा. काचेतून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. ३० किलोमीटर जाऊन-येऊन ३००. ८ गिगवर पूर्ण आकाराची फ्रेम साधारण अडीच मायक्रोसेकंदांत निघून जाते. म्हणजे लिंक भरलेली ठेवायला सुमारे १२० क्रेडिट हवीत. पोर्टवर होती ८. आठ भागिले एकशेवीस, तेच आलेखातले ६-७ टक्के! १६ गिग केलं तर लागणार २४०, असणार ८, आणि डेटा जाणार जवळजवळ तेवढाच. फ्रेम लहान असतील तर क्रेडिट आणखी जास्त लागतात, ते वेगळंच.

एवढं गणित शाळकरी पोराला जमेल. मग होत का नाही? कारण सेटिंगची निविदा निघत नाही. पेटीची निघते. शिवाय उपाशी पोर्ट एररही दाखवत नाही, सगळे दिवे हिरवेच. रात्री हिंजवडीतून या स्विचवर लॉगिन करणाऱ्या आपल्या पोरांनाही माझं सांगणं आहे, 'पोर्ट ओके' लिहून तिकीट बंद करू नका रे. ब्रोकेडच्या स्विचवर पोर्टस्टॅट्सशो मारा, क्रेडिट शून्य असल्याचा काउंटर बघा (एक टिक म्हणजे २.५ मायक्रोसेकंद). तो वर्षानुवर्षं साठलेला असतो, म्हणून आधी साफ करा, दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. मग पोर्टबफरशो.

अर्थात 'क्रेडिट वाढवा' हाही रामबाण नाही. बफर त्या चिपवरच्या सगळ्या पोर्टांत मिळून असतात, एकाला दिले की दुसऱ्यांसाठी कमी उरतात. काउंटर सर्व्हरच्या पोर्टवर चढत असेल तर तो सर्व्हरच आळशी, घेतलेली फ्रेम वेळेवर रिकामी करत नाही. तिथे शंभर बाटल्या द्या, शंभर अडकतील. आणि केबल किंवा एसएफपी खराब असेल तर परतीच्या बाटल्या वाटेतच फुटतात. क्रेडिट हळूहळू गळत जातात आणि लिंक रीसेट होईपर्यंत परत येत नाहीत.

त्या बँकेत शेवटी १६ गिगची मोड्यूलं आली, बसली. प्रत ४० ची ४० मिनिटंच मागे. मग एका शुक्रवारी (इथली सुट्टी) दोन्ही टोकांना क्रेडिट २६० केली. त्यासाठी पोर्ट थोडा वेळ बंद पडतो, म्हणून सुट्टी. पुढच्या पगाराला प्रत काही सेकंदांच्या अंतरावर होती. विक्रेत्याने मात्र याचं श्रेय नव्या मोड्यूलना दिलं, आणि आता ३२ गिगचं कोटेशन आलंय.