लेकीला वायंडिंग शिकवा

पिंपळगाव रेणुकाई म्हटले की भोकरदन तालुक्यातल्या माणसाला आधी मिरची आठवते. पावसाळ्यात इथल्या बाजारात हिरव्या मिरचीच्या गोण्या उतरू लागतात, बाहेरचे व्यापारी येतात आणि रात्री उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात. ही मिरची तोडणारे हात मात्र बहुतेक बायकांचे. दिवसभर तोडणी करून घरी आलेल्या बाईला भाकरी थापताना हाताची आग सोसावी लागते, लेकराला जवळ घ्यायलाही ती कचरते. तिच्या शेजारच्या सरीत दहावी झालेली लेक असते. मजुरी किलोवर, म्हणून दोघींचे हात थांबत नाहीत.

या लेकीला हातचे काहीतरी काम यावे, असे आईला वाटतेच. मग गावात शिवणवर्ग निघतो. उद्घाटन होते, फोटो निघतात, तीन महिन्यांनी प्रमाणपत्रे वाटली जातात. ज्यांना जमते त्या मशीन घेतात. पण एकाच गावात वीस-पंचवीस मुलींना एकदम ब्लाउज आणि फॉल-पिको शिकवले, तर कपडे शिवून घ्यायला येणार कोण? गाव तेवढेच, सणवार आणि लग्नसराई तेवढीच, आणि तयार कपड्यांची दुकाने आता खेड्यातही आली. दोघी-तिघींचे बरे चालते. बाकीच्यांच्या मशीनवर चादर पडते आणि पुढच्या हंगामात त्या पुन्हा मिरचीच्या सरीत दिसतात. शिवणकामाला आम्ही नावे ठेवत नाही. त्याच्यावर कितीतरी विधवा बायांनी लेकरे वाढवली आहेत. पण मुलगी म्हटली की शिवणच, हे कोणी ठरवले?

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. आफ्रिकेतही तरुण मुलींना हुन्नर शिकवायचा म्हटला की शिवण, केशरचना आणि खाद्यपदार्थ हीच कामे पुढे येतात. युगांडाची राजधानी कंपाला. तिथे कात्वे नावाची वस्ती आहे, लोखंडकाम आणि दुरुस्तीच्या छोट्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी या भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. वेल्डिंग, सुतारकाम, विजेचे काम अशा पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या धंद्यात शिरलेल्या बायका पुरुषांइतकेच कमावतात, आणि शिवण-केशरचनेत राहिलेल्या बायकांच्या सुमारे तिप्पट कमावतात, असे त्यांना दिसले. या बायका जास्त शिकलेल्या होत्या किंवा जास्त हुशार होत्या, असेही नव्हते.

मग त्या तिथे पोचल्या कशा? आमच्या मते त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. बहुतेकींना त्या धंद्यात आणणारा घरचा किंवा ओळखीचा पुरुष होता. कुठे बाप, कुठे भाऊ, कुठे नात्यातला माणूस. त्याने दुकानात बसू दिले, हत्यार हातात दिले, गिऱ्हाइकाशी ओळख करून दिली. शिवणकामात राहिलेल्या कितीतरी जणींना तर दुसऱ्या धंद्यात जास्त पैसा आहे हेच ठाऊक नव्हते.

आता पिंपळगावकडे पाहू. मिरचीला पाणी लागते. पाण्यासाठी विहिरीवर, बोअरवर मोटार लागते. आणि मोटार जळते. कधी दाब कमी पडतो, कधी तीनपैकी एक फेज जातो, कधी विहीर आटली तरी मोटार कोरडी फिरत राहते. मिरची फुलावर आलेली असताना मोटार जळली तर शेतकऱ्याला रात्रीची झोप लागत नाही. तो ती घेऊन वायंडिंगच्या दुकानावर जातो. तिथे आधीच रांग लागलेली असते, आणि शेतकरी पैशासाठी घासाघीस करण्याआधी विचारतो, कधी देता?

हे वायंडिंगचे काम असते तरी काय? मोटार खोलायची. जळालेली तार काढताना तिचे वेढे मोजायचे, जाडी मापायची आणि कोणते टोक कुठे जोडले होते ते कागदावर उतरवून घ्यायचे. खाचे साफ करून त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा. साच्यावर नव्या तांब्याच्या तारेचे तेवढेच वेढे घ्यायचे, ते गुंडाळे एकेक करून खाच्यात बसवायचे, टोके जोडायची, दोऱ्याने बांधायचे. साध्या मोटारीला मग व्हार्निश पाजून वाळवायचे. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, तिला व्हार्निश लागत नाही. शेवटी मेगर लावून विजेची गळती नाही ना हे तपासायचे. एक वेढा चुकला किंवा तारेचे आवरण खरवडले, तर सगळी मेहनत पाण्यात.

यात दंडाच्या ताकदीचे काम किती आणि बोटांचे किती, ते वाचकांनीच ठरवावे. मोजणे, नीट रचणे, दोऱ्याने बांधणे आणि चिकाटीने एका जागी बसणे. मोटार जड असते हे खरे. पण ती उचलायला दुकानात चेन-कुप्पी असते, आणि पुरुष मेकॅनिकही एकटा उचलत नाही, पोराला हाक मारतो.

बायकांच्या बोटांना असले नाजूक काम जमते, हे जालना जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही. महिको कंपनी १९६४ साली जालन्यात सुरू झाली, तेव्हापासून बियाण्यांसाठी या शहराचे नाव झाले. संकरित बियाणे तयार करताना कळी उमलण्याआधी तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि वेळ साधून दुसऱ्या जातीचा पराग लावायचा असतो. एवढे करून स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. हे क्रॉसिंग शेतात बहुतेक मुली-बायकाच करतात. प्रयोगशाळेत हेच काम करणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणतात, शेतातल्या पोरीला रोजंदारीची मजूर. तिला प्रमाणपत्र नाही, कामाचे नाव नाही, आणि आपल्याला काही येते हे तिच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना निवेदन दिले. अस्पृश्यांच्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी त्यात होती. पुढच्या काळात आपल्यातले कितीतरी जण रेल्वेत, आयुध निर्माणीत, वीज मंडळात लागले. कोणी फिटर, कोणी वायरमन, कोणी वेल्डर. त्या पगारावर घरे उभी राहिली. हा हुन्नर बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे गेला. लेकीकडे किती घरांत गेला? सुट्टीच्या दिवशी पंखा खोलून बसलेला बाप पाना आणायला लेकीला पाठवतो, आणि पाना कसा धरायचा ते मात्र मुलाला शिकवतो.

म्हणून आमचे म्हणणे त्या बापाला, भावाला आणि मामाला आहे. पंखा खोलाल तेव्हा लेकीला शेजारी बसवा. पंख्याचे, मिक्सरचे वायंडिंग लहान असते, हात तिथेच बसतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. गावात वायंडिंगचे दुकान असलेला ओळखीचा माणूस असेल तर दुपारचे दोन तास तिला तिथे घेऊन जा, सुरुवातीचे काही दिवस तुम्हीही बसा. मुलीकडे मोटार कोण देणार, असे लोक म्हणतील. पहिली मोटार तुमच्या ओळखीने येईल. ती मिरचीच्या हंगामभर चालली, तर दुसरी आपोआप येईल.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, लग्नाच्या वयाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जालना जिल्ह्याचा आकडा त्याहून बराच वर आहे. मुलगी घरी नुसती बसली की स्थळे येऊ लागतात, हे सगळ्या आयांना ठाऊक आहे. युगांडातच बांगलादेशच्या ब्रॅक या संस्थेने मुलींसाठी वस्तीत क्लब चालवले. त्यांच्याच गावातली, त्यांच्याहून थोडी मोठी ताई क्लब चालवायची. काही धंदा शिकवायचा, आणि शरीराबद्दल, लग्नाबद्दल मोकळेपणाने बोलायचे, दोन्ही एकाच खोलीत. चार वर्षांनी पाहणी केली, तेव्हा त्या वस्त्यांत कमावत्या मुलींचे प्रमाण सुरुवातीच्या मानाने जवळजवळ निम्म्याने वाढलेले दिसले. लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे घटली. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. त्या क्लबला एक खोली पुरत असे. आपल्या वस्तीतल्या विहाराला किंवा समाजमंदिराला रविवार सोडून किती दिवस कुलूप असते, तेही एकदा मोजून पाहावे.

सरकारी वाटाही आहेत. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. काही ट्रेडना दहावी नापास मुलीही अर्ज करू शकतात. प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतो, म्हणून जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथे प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. तिथे गेल्यावर कोणते अभ्यासक्रम आहेत ते सगळे विचारावे. मुलगी पाहिली की शिवण, ब्युटी पार्लर आणि मसाल्याचाच कागद पुढे करतात, तेव्हा पंप दुरुस्तीचे आणि वायंडिंगचे नाव आपण घ्यावे. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. तिच्यातल्या अठरा कारागिरांत शिंपी आहे, वायंडिंगवाला नाही. यावरून दिल्लीतल्या लोकांनी पिंपळगावची मोटार जळताना पाहिलेली नाही, असे म्हणावे लागते.

बचत गटातल्या बायांनी एक हिशेब जरूर करावा. मागच्या हंगामात आपल्या वस्तीतल्या आणि शेजारच्या शेतांतल्या किती मोटारी भरायला गेल्या, कुठे गेल्या, किती दिवसांनी आल्या आणि किती पैसे पडले, ते वहीत लिहावे. चार ओळींचा हा हिशेब आम्हालाही पाठवावा. ज्यांच्या घरी लेक, सून किंवा बहीण असले काम आधीच करते आहे, त्यांचे पत्र आम्ही सर्वांत आधी वाचू.