दहा किलोमीटर घड्याळाशी

गेल्या वर्षी आमच्या खामगावात सायकलींची शर्यत झाली. शेगाव रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं, वळायचं, परत यायचं. सगळ्या एकदम निघत नाहीत; दर मिनिटाला एकीला सोडतात. दुसरीच्या मागं राहून वारा चुकवायचा नाही. आपण अन् घड्याळ, बस्स! शाळेतल्या मुलींनी माझंही नाव दिलं. "या वयात?" ह्यांनी विचारलं. मी छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई.

निघाले ती सुसाट. वारा पाठीशी होता, ते लक्षातच आलं नाही. साडेबारा मिनिटांत वळणावर पोचले. परतताना तोच वारा तोंडावर! आठव्या किलोमीटरला पाय लाकडासारखे झाले, श्वास पुरेना, उतरून चालू लागले. शेजारून जाताना माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, तुम्हीपण सोडून दिली?" दहावीनंतर सायकल आणि शाळा दोन्ही सोडू नका, असं मीच त्यांना सांगत असते! कशीबशी साडेबत्तीस मिनिटांत पोचले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "सगळ्या काड्या एकदमच चुलीत सारल्या तर भाकर करपते अन् वरण कच्चं राहते, बाई." चूक त्यात नेमकी सापडली.

यंदा सहा आठवडे आधीपासून तयारी केली. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे, डबे व्हायच्या आधी. एक दिवस पंधरा-वीस किलोमीटर आरामात. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. तिसऱ्या दिवशी शर्यतीएवढंच अंतर, एका लयीत. शेवटच्या आठवड्यात मात्र निम्मंच. दमलेले पाय शर्यतीला नेऊ नयेत.

सायकलही बघून घ्या. टायरमध्ये हवा कमी असेल तर बरीच मेहनत रस्त्यातच जाते. चेन पुसून तेल द्या, ब्रेक तपासा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी सीट उंच हवी. ओढणी घरीच ठेवा, सलवारीची मोहरी बांधा, डोक्याला हेल्मेट घाला.

आदल्या रात्री ठेचा नको, नवा पदार्थही नको. निघण्याआधी दोन-अडीच तास थोडे पोहे किंवा पोळी, पाणी घोट घोट. शर्यतीपूर्वी पंधरा मिनिटं हळूहळू सायकल चालवून अंग गरम करा.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन किलोमीटर "मी फारच हळू चाललेय" असं वाटलं पाहिजे. मधल्या टप्प्यात दोन-तीन शब्द बोलता येतील, पण पूर्ण वाक्य नाही, एवढाच दम लागू द्या. चढावर आणि समोरच्या वाऱ्यात थोडा जास्त जोर, उतारावर थोडा कमी. कारण वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो. आधीच वेगात असताना लावलेला जादा जोर वाया जातो. कोपर वाकवून अंग खाली ठेवा, पण नजर रस्त्यावर. उरलंसुरलं सगळं शेवटच्या दोन किलोमीटरना द्या.

रक्त कमी असेल, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. ते थांबणं म्हणजे हार नव्हे.

आणि वयाचं म्हणाल, तर अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग घ्या. याच प्रकारात तिनं 2008, 2012 आणि 2016 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. तिसरं मिळालं ते त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हा तिला मुलगा होता! फ्रान्सची जानी लाँगो 2008 साली एकोणपन्नासाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये चौथी आली. ह्यांना हे सांगितलं. ह्यांनी गुपचूप चाकात हवा भरून दिली.

यंदा जाताना चौदा मिनिटं, येताना पंधरा. वाराही तसाच होता, बरं का. शेवटच्या रेघेपाशी तीच मुलगी उभी होती. "बाई, एकोणतीस!" ती ओरडली.

पहिली नव्हे, मी अकरावी आले. पण उतरले नाही. मग दोघींनी शेगावची कचोरी खाल्ली. ठेचा नको म्हटलं होतं ते आदल्या रात्रीपुरतंच!